दोन रेघांची पिन

माझा पहिला संशय दुकानदारावर गेला. खरं सांगायचं तर माझा पहिला संशय नेहमी दुकानदारावरच जातो. मी खालापूरला सरकारी कचेरीत कागद तपासते. दाखल्यावरचा शिक्का खरा की खोटा, सही त्याच माणसाची की दुसऱ्या कुणाची, खाडाखोड करून वर नवं नाव कुठे बसवलंय, हे बघण्यात माझी वीस वर्षं गेली. एवढी वर्षं हेच केलं की माणूस घरी येऊन दुधाच्या पिशवीवरची तारीखसुद्धा उजेडात धरून बघतो. कचेरीत माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात ते मला माहीत आहे. म्हणू देत.

तर हेडफोन कर्जतच्या दुकानातून आणला होता, आणि त्याचा आवाज एकाच कानात येत होता. डाव्या. उजवा कान ठार बंद. मी वायर हलवून पाहिली, पिन काढून पुसून पुन्हा लावली, ज्या डबीला तो जोडला होता तिचं बटण मागेपुढे फिरवलं. डावीकडे रेकॉर्ड केलेली पेटी स्वच्छ वाजत होती आणि उजवीकडे काहीच नव्हतं. मी मनात म्हटलं, गंडवलं. बाईमाणूस बघून परत आलेला माल गळ्यात मारला.

हा सगळा उद्योग आबांची गाणी रेकॉर्ड करण्यासाठी चालला होता. आबा म्हणजे माझे वडील. कडावला आमच्या वस्तीत त्यांची गायनपार्टी होती, चाळीसेक वर्षं चालली. एप्रिलातली जयंती, कुणाचं लग्न, गृहप्रवेश, कुणी गेल्यावरचं पुण्यानुमोदन, कुठूनही बोलावणं आलं की मंडळी टेंपोत बसून निघायची. गाणी आबांनी स्वतः रचलेली. मागे कोरसला दोघं, उजव्या हाताला पेटी, डाव्या हाताला ढोलकी, आणि मध्ये आबा एक हात वर करून उभे. आता कोरसवाल्यांपैकी एक वारला, दुसरा मुलाकडे राहायला गेला, ढोलकीवाल्याला हाताचा कंप सुरू झाला. उरले दोघं, आबा आणि चौकचे पेटीमास्तर. आबांचा आवाजही दरवर्षी थोडा थोडा बसत चाललेला. गाणी वहीत आहेत, पण चाली कुठे वहीत असतात?

म्हणून मी मनावर घेतलं. माडीवरची खोली रिकामी केली, भिंतींना आईच्या हातच्या गोधड्या टांगल्या म्हणजे आवाज घुमणार नाही, एक माईक आणला आणि एक डबी आणली. तिला इंटरफेस म्हणतात. माईकची वायर तिच्यात जाते, तिच्यातून आवाज संगणकात जातो, आणि गाणाऱ्याच्या कानाला लावायचा हेडफोनही तिलाच जोडायचा. पेटी आणि आबा एकत्र बसवले तर पेटी आवाज गिळते, म्हणून पेटीमास्तरांची पेटी मी आधी वेगळी रेकॉर्ड करून घेतली होती. ती आबांच्या कानात वाजणार, आबांचा स्वतःचा आवाजही त्यांना कानात ऐकू येणार, आणि ते तिच्या सुरात सूर मिळवून गाणार. त्याला मॉनिटरिंग म्हणतात. हे सगळं मी मोबाईलवर बघून शिकले आणि प्रत्येक गोष्ट दोन ठिकाणी पडताळून घेतली.

इथे एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर पुढचं नीट कळायचं नाही. मी सतरा वर्षांची होते तेव्हाची. जयंतीच्या आधी आठवडाभर आमच्या ओट्यावर पार्टीची तालीम चालायची. एका संध्याकाळी तालीम संपली, मंडळी उठून गेली, आणि आबा एकटेच माईक फडक्यात गुंडाळत बसले होते. मी खालच्या पायरीवर बसून विचारलं, "आबा, मी पण उभी राहू का पार्टीत?" आबांनी माईक गुंडाळला. वायरीची वेटोळी केली. सगळं खोक्यात ठेवून कडी लावली आणि आत निघून गेले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बाईमाणूस म्हणून नको, असं म्हणावं तर तेही नव्हतं. चौकच्या बाजूला एका पार्टीत तेव्हा बाई गायची आणि तिला ऐकायला लोक पोराबाळांना घेऊन यायचे. म्हणजे बाई चालत होती, मी चालत नव्हते. त्या दिवसानंतर मी गाणं म्हणून तोंड उघडलं नाही. आबांच्या कार्यक्रमाला बायकांत बसून सगळं ऐकायची, पण टाळी वाजवायची नाही. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, ते टिकलं नाही, मी याच घरी परत आले. तीन वर्षांपूर्वी आई गेली. आता घरात आबा आणि मी. आणि मला का नको म्हटलं, हे कोडं सत्तावीस वर्षं तसंच.

मैत्रीण म्हणाली, एवढा राग आहे तर त्यांची गाणी जपायची उठाठेव कशाला करतेस? मी तिला म्हटलं, गाणी वस्तीची आहेत, एकट्या आबांची नाहीत. हे खरंच होतं. पण त्यांना एकदा माझ्यापुढे बसवायचं होतं, हेही तितकंच खरं. माईक माझा, डबी माझी, बटण माझ्या हातात. या वेळी माझ्या पार्टीत त्यांनी उभं राहायचं होतं.

आणि नेमका हेडफोन एका कानाने बंद निघाला.

डबीचं भोक मोठं आणि हेडफोनची पिन बारीक, त्यामुळे मध्ये एक जाड पिन लावावी लागते, बारीक पिन तिच्यात घालायची आणि ती डबीत. तेवढ्यासाठी पुन्हा कर्जतला कोण जाणार? आबांच्या पार्टीच्या खोक्यात तसल्या चारपाच पिना पडलेल्या होत्या, त्यातली एक मी घेतली. टक्कन बसली. घरची वस्तू कामाला आली म्हणून मी खूशही झाले होते. त्यामुळे तिच्यावर माझा संशय गेला नाही. घरच्या वस्तूवर कुणाचा जातो?

दुसऱ्या दिवशी कचेरीतून येताना स्कूटर सरळ दुकानापुढे उभी केली. दुकानदाराने चहा मागवू का विचारलं. चूक केलेला माणूसच आधी चहा विचारतो, असा माझा अनुभव आहे. त्याने हेडफोनची बारीक पिन स्वतःच्या मोबाईलला लावली, गाणं सुरू केलं आणि माझ्या कानांवर ठेवला. आवाज दोन्हीकडून आला. म्हणाला, "बघा मॅडम, दोन्हीकडून येतंय." मी काउंटरखाली वाकून पाहिलं, याने मधल्या मध्ये दुसरा हेडफोन तर लावला नाही ना. त्याने ते बघितलं आणि न बोलता मला नवाकोरा दुसरा हेडफोन काढून दिला.

घरी आले, जोडला. पुन्हा डावीकडेच.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. दुकानदार त्यांच्यासमोर मला म्हणाला, "मॅडम, एकदा कानाच्या डॉक्टरांना दाखवून घ्या." मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. पण कचेरीत त्याचा एखादा कागद कधी माझ्या टेबलावर आला तर मी तो किती वेळा तपासीन, हे मी येताना रस्ताभर ठरवत होते.

तोवर रविवार आला. आबांनी पांढरा शर्ट इस्त्री करून घातला होता, जसा ते कार्यक्रमाला घालायचे. माडीवर येऊन त्यांनी टांगलेल्या गोधड्यांकडे पाहिलं, माईकच्या पुढच्या जाळीकडे पाहिलं, हेडफोन हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला आणि कान झाकून माणसाने गायचं कसं, असं विचारलं. मी त्यांना सगळं समजावलं. ते माझ्या तोंडाकडे बघत मान हलवत होते.

आवाज एकाच बाजूने येतो हे मी त्यांना सांगितलं नाही. मुद्दाम नाही सांगितलं. बघू तरी, सांगतात का, म्हटलं. हेडफोन त्यांच्या डोक्यावर बसवला, पेटी सुरू केली आणि विचारलं, "येतंय का?"

"येतंय."

"दोन्हीकडं?"

"दोन्हीकडं. झकास येतंय."

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. उजवीकडे काहीच येत नव्हतं, हे मी स्वतः ऐकून पाहिलं होतं. मग हे झकास कसलं? आबांनी गायला सुरुवात केली ती भलत्याच ठिकाणी. पडद्यावर दिसत होतं, पेटी अजून पहिली ओळ वाजवत होती आणि आबा ध्रुपदावर पोचले होते. सूरही पेटीचा नाही. मी थांबवलं, पुन्हा लावलं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तर पेटी एका गल्लीत आणि आबा पुढच्या गल्लीत. शेवटी त्यांनी हेडफोन काढून स्टुलावर ठेवला. "तुज्या मशिनीत कायतरी घोळ हाय," म्हणाले आणि जिना उतरून गेले.

मी तिथेच बसून राहिले. माझ्या हिशेबाने चित्र अगदी स्पष्ट होतं. चाळीस वर्षं गाणारा माणूस स्वतःच्याच गाण्याची सुरुवात चुकवतो, तेही तीनदा, तर पाणी कुठंतरी मुरतंय. त्यांना हे रेकॉर्डिंग नकोच होतं. तोंडावर नाही म्हणायची पद्धत आमच्या आबांची नाही, हे मला सतराव्या वर्षीच कळलं होतं. ते वेड घेऊन पेडगावला निघाले होते.

तो आठवडा मी पुरावे गोळा करत काढला. सोमवारी मी स्वयंपाकघरातून विचारलं, भाकरी करू की चपाती. उत्तर नाही. मंगळवारी दोनदा हाक मारली, ते पेपर वाचत राहिले. गुरुवारी शेजारीण येऊन उजवीकडच्या दारातून काहीतरी म्हणाली तर लगेच हसून बोलले. म्हणजे लोकांना उत्तर आहे, मला नाही. आई असताना हे इतकं जाणवायचं नाही. मी काही बोलले की आई तेच पुन्हा बोलायची, "अवो, पोरगी काय म्हनते ऐकलं का?" मला तेव्हा आईचा राग यायचा. माझं बोलणं काय माझ्या तोंडून पोचत नव्हतं, की हिने पुन्हा पोचवायचं? आता आई नव्हती, आणि माझं बोलणं खरोखरच पोचत नव्हतं.

पुढच्या रविवारी मी त्यांना पुन्हा वर बोलावलं. ते आले, पण पांढरा शर्ट घालून आले नाहीत. खाली डेअरीचा टेंपो दुधाचे कॅन चढवत होता, तो जाईपर्यंत आम्ही दोघं थांबलो. टेंपो गेल्यावर मी घाईघाईने हेडफोन उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवला आणि पेटी सुरू केली.

आबा दचकले. अक्षरशः दचकले, खुर्चीतून अर्धे उठले. मग सावकाश खाली बसले, डोळे मिटले आणि पेटीचे सूर संपताच बरोबर जागेवर गाणं उचललं. पहिलं कडवं, ध्रुपद, दुसरं कडवं. पेटीमास्तर शेजारी बसल्यासारखं. गाणं संपल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "आज बराबर लावलंस तू."

मी काहीच लावलं नव्हतं. हेडफोन तोच, पिन तीच, डबी तीच. गेल्या रविवारी जे होतं तेच आज होतं. आनंद व्हायच्या आधी मला संशय आला, आमच्याकडे क्रम असाच असतो. मी हेडफोन त्यांच्या डोक्यावरून उतरवला आणि बघितला. घाईत मी तो उलटा घातला होता. डावा भाग त्यांच्या उजव्या कानावर बसला होता.

मग मी जे केलं त्याचा मला अभिमान नाही. मी हेडफोन सुलटा करून त्यांना पुन्हा घातला, डावा डाव्यावर, उजवा उजव्यावर. संगणकापाशी गेले, त्यांच्याकडे पाठ केली आणि बटण दाबल्यासारखं केलं. दाबलं नाही. पेटी सुरूच केली नाही. वळून मोठ्याने विचारलं, "येतंय का?"

"येतंय," आबा म्हणाले. "झकास."

खोट्या दाखल्यावरचा शिक्का पकडला की मला एक समाधान होतं, ते मी नाकारत नाही. त्या दिवशी तसलं काही झालं नाही. आबा हसत होते, मान डोलवत होते, नसलेल्या पेटीच्या तालावर मांडीवर बोटांनी ठेका धरत होते. मी म्हटलं, माझं डोकं दुखतंय, आज एवढं पुरे. ते खाली गेले तेव्हा जिन्यावर मी त्यांच्या डाव्या बाजूने हळूच हाक मारली. त्यांनी ऐकलं नाही. पुढे जाऊन उजव्या बाजूने तितक्याच हळू मारली. थांबले. म्हणाले, "काय गं?"

"काय नाय," मी म्हटलं.

त्याच दुपारी मी चौकला गेले. पेटीमास्तर जुन्या हायवेला एका गॅरेजच्या मागे राहतात. पिशवीत हेडफोन आणि पिन दोन्ही घेतले होते, म्हणजे काय कामाला आलीस असं कुणी विचारलं तर दाखवायला काहीतरी असावं. मास्तर ओसरीत पेटीचा भाता दुरुस्त करत बसले होते. मी सरळ विचारलं, आबांचा डावा कान कधीपासून गेलाय?

मास्तरांनी पहिल्यांदा ऐकलं नसल्यासारखं केलं. मी म्हटलं, मास्तर, हे घरी एकजण करतात तेवढं पुरे. तेव्हा त्यांनी पेटी बाजूला सारली. मग त्यांनी सांगितलं. मी लहान होते, चौथीत वगैरे असेन, तेव्हा एका पावसाळ्यात आबांचा कान फुटला. पंधरा दिवस वाहिला आणि मग कायमचा बंद झाला. तेव्हापासून पेटी उजव्या हाताला बसते. त्याआधी ती डावीकडे असायची. आबांचा सूर हलला की मास्तर त्यांच्या पायाचा अंगठा आपल्या पायाने दाबायचे, एकदा दाबला की वर, दोनदा दाबला की खाली. तेवढी वर्षं स्टेजवर दोघांचं हे चाललं आणि खाली बसलेल्यांपैकी कुणाला पत्ता नाही. आईला माहीत होतं. तिने कुणाला सांगितलं नाही.

जगातल्या प्रत्येक माणसावर संशय घेणारी मी, आणि माझ्याच तीन माणसांनी पस्तीस वर्षं एक गोष्ट माझ्यापासून लपवली. हसावं की रडावं ते कळेना. मास्तरांनी विषय बदलायला म्हणून माझ्या पिशवीतली पिन हातात घेतली आणि विचारलं, "ही कुठं लावतेस तू?"

मी सांगितलं. मास्तरांनी कपाळाला हात लावला. ती पार्टीच्या माईकची पिन होती. तिच्या टोकाशी एकच काळी रेघ होती, कारण माईकला एकाच बाजूचा आवाज लागतो. हेडफोनला दोन कान, त्याच्या पिनीवर दोन काळ्या रेघा असाव्या लागतात, नाहीतर आवाज एकाच कानात जातो आणि तो डाव्या. एवढी साधी गोष्ट. मोबाईलवर बघून सगळं दोन ठिकाणी पडताळलेल्या मला ही रेघ दिसली नव्हती. येताना कर्जतला थांबून मी दोन रेघांची पिन मागितली. दुकानदाराने ती दिली. माझंच चुकलं होतं, असं मी त्याला म्हटलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की यात आता हिचा काय डाव असेल.

तिथून कडावपर्यंत स्कूटर मी कशी चालवली मला आठवत नाही. डोक्यात एकच गोष्ट होती. आमच्या ओट्याच्या पायऱ्या डाव्या अंगाला आहेत. माईक गुंडाळताना आबा अंगणाकडे तोंड करून बसले होते. म्हणजे सतरा वर्षांची मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले होते, आणि विचारलं तेही दबकत, पुटपुटल्यासारखं. त्यांनी ऐकलंच नव्हतं! नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता, प्रश्नच पोचला नव्हता. सत्तावीस वर्षं मी ज्या माणसावर राग धरला त्याला माझा राग कशाबद्दल आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. भिवपुरीच्या फाट्याला मी गाडी बाजूला घेतली आणि ओढणीने तोंड पुसलं. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

पुढचे सहा दिवस मी आबांशी फक्त उजव्या बाजूने बोलले. भाकरी की चपाती विचारलं, उत्तर आलं. जेवताना माझं ताट त्यांच्या उजव्या हाताला घेतलं. त्यांनी ते बघितलं असणार. माझ्यापुरतं प्रकरण मिटलं होतं. दुसरी एखादी असती तर तिने मिटूही दिलं असतं.

पण मला कागद हातात आला की सही बघायची सवय. आबांच्या तोंडून मी ते अजून ऐकलं नव्हतं.

रविवारी आबा वर आले, पांढरा शर्ट घालून. मी दोन रेघांची पिन लावली. आता आवाज दोन्हीकडून येत होता, आणि कसाही घातला तरी त्यांच्या उजव्या कानात पेटी पोचणार होती. आबा गायले. एकामागून एक तीन गाणी सलग गायले. वरच्या ओळीला आवाज फाटला, पण सूर हलला नाही. स्वतःचा आवाज स्वतःच्या कानाशी एवढा जवळून त्यांनी बहुतेक पहिल्यांदाच ऐकला असेल. तिसरं संपलं तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. मी बटण बंद केलं, खुर्ची ओढून त्यांच्या उजव्या बाजूला बसले आणि म्हटलं, "आबा, डाव्या कानाचं मला कळलंय."

त्यांनी हेडफोन उतरवून मांडीवर ठेवला. त्याच्या वायरीची वेटोळी केली. मग मास्तरांनी सांगितलं का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, नाही, तुमच्या डोक्यावर जे होतं त्यानेच सांगितलं. त्यावर ते जरा हसले. मग त्यांनीच कान फुटल्याचं सांगितलं, कुणी सांगितलेला पाल्याचा रस कानात टाकल्याचं सांगितलं, पहिल्या कार्यक्रमाला ढोलकी ऐकू येईना म्हणून स्टेजवर ताल चुकला होता ते सांगितलं. मी ऐकून घेतलं. मग म्हटलं, "म्हणजे त्या वर्षी मी पायरीवरून विचारलं, पार्टीत उभी राहू का म्हणून, ते तुम्हाला ऐकूच आलं नाही."

मी हे विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. त्यांनी फक्त मान हलवली असती तरी मी त्याच्यावर शिक्का मारून टाकला असता.

"आलं व्हतं," आबा म्हणाले.

मी खुर्ची आणखी जवळ ओढली.

"समदी मंडळी गेलेली. ढोलकी बंद, वस्ती गप. अशा टायमाला एक कान पुरतो गं. तू इचारलंस त्ये समदं ऐकलं मी."

"मग बोलला का नाहीत?"

"तुजा कान लई तयार. पेटीचा येक सूर दबला तरी आतनं वरडून सांगायचीस, इतकुशी असल्यापासनं. तू माज्या बाजूला उभी ऱ्हायली असतीस, तर पयल्याच गान्याला तुला कळलं असतं, आबाचा सूर हलतोय, आबाला ऐकू येत नाय." ते थांबले. "लोकांना कळलं असतं तरी चाललं असतं. तुला कळायला नको व्हतं."

मला राग आला. आधीचा जुना, सांभाळून ठेवलेला राग नव्हे, नवा राग. तेव्हा सांगितलं असतं तर काय झालं असतं? माझं सगळं गाणं यांनी एका कानापायी बंद करून टाकलं, आणि वर पोरीला कळायला नको होतं म्हणतात! मला उठून खाली निघून जावंसं वाटलं, त्यांच्यासारखंच, खोक्याला कडी लावून. पण मी उठले नाही. त्यांच्या उजव्या कानाशी वाकले आणि एकेक शब्द सुटा करून, सावकाश बोलले.

"आबा, वरच्या ओळीला तुमचा सूर उतरतो, हे मला तेव्हा माहीत होतं. त्याच्या दोन वर्षं आधीपासून माहीत होतं. शेजारी उभं राहून तो धरायचा, म्हणून तर मी विचारलं होतं."

आबा काहीच बोलले नाहीत. त्यांनी ऐकलं नसेल, असा संशय या वेळी मला आला नाही.